विजेवरची पेज

अख्ख्या मुंबईत विजेवर पेज शिजवणारा पहिला माणूस मी. जे शिजलं त्याला पेज म्हणायचं की नाही, ह्यावर मात्र अजून लोकांचं एकमत झालेलं नाही.

गावात ही गोष्ट चार जणांनी चार तऱ्हेनं सांगितली असं कानावर आलं. कोण सांगतो बाबल्यानं (म्हणजे मीच) सभा मोडली, कोण सांगतो बाबल्याला पोलिसांनी धरला. म्हणून गावच्या मंडळाच्या अंकासाठी ती एकदा नीट लिहून टाकतो. मी दुसरीतून पळालेला माणूस, जसं बोलतो तसंच लिहिणार. लालबाग ते गिरगाव, गिरगाव ते लालबाग, तिथून दादर आणि दादरहून परळ असा एका दिवसाचा हा प्रवास. सगळा पायी, कारण त्या दिवशी मुंबई बंद होती.

मूळ दोष माझ्या पत्रांचा. माझे वडील इथल्याच गिरणीत होते. मी लहान असताना ते पोटाच्या दुखण्यानं मुंबईतच गेले. आईनं तेव्हापासून एकच धरून ठेवलं, "तुझ्या बापाशीक खानावळीन खाल्ल्यान." मी मुंबईला निघालो तेव्हा बोटीच्या धक्क्यावर तिनं माझ्याकडून शपथ घेतली, खानावळीच्या ताटाला शिवायचं नाही. मी शपथ घेतली, बोटीत बसलो, आणि मुंबईला उतरलो त्याच दुपारी सरूबाईच्या खानावळीत जेवलो. दुसरं काय करणार? आमच्या लालबागच्या गाळ्यात (गाळा म्हणजे खोली एक आणि माणसं पंधरा) चूल मांडायची म्हटली तर कुणाच्या तरी छातीवर मांडावी लागेल.

आता हे आईला कसं कळवणार? पहिली दोन वर्षं मी जेवणाचा विषयच पत्रात घेतला नाही. मग एकदा नाताळाच्या आधी, गिरणी सांभाळून वरकमाईसाठी, गिरगावात रंगकामाला गेलो. तिथे मार्था मावशी म्हणून एक म्हातारी ख्रिश्चन बाई आहे, मूळची मुंबईचीच. तिच्या कपाटावर एक चकचकीत उंच भांडं बघितलं, शेपटीसारखी वायर लोंबत होती. मी विचारलं, हे काय? ती बोलली, विजेवर चालतं, ह्यात कॉफी होते. मी 'विजेवर चालतं' एवढंच डोक्यात घेऊन घरी आलो. पुढच्या पत्रात लिहायला लावलं, "आये, मी विजेची चूल घेतली. बटण दाबलं की पेज." त्यानंतरची पत्रं आपोआप होत गेली. एका शिमग्याला मी त्या चुलीवर पुरणपोळीसुद्धा केली.

अशी पाच वर्षं गेली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. गाववाल्यांनी तिला बोटीतून आणली आणि परळच्या दवाखान्यात दाखल केली. तिथे तिनं जेवणाला हात लावला नाही. बोलली, दवाखाना म्हणजे तरी काय, मोठी खानावळच. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. चहा घ्यायची, पाव बाजूला ठेवायची. डॉक्टरनं मला बोलावून सांगितलं, "आई फार अशक्त झाल्यात. उद्या रात्रीपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर त्यांचा नंबर मी दुसऱ्याला देतो. तुम्ही त्यांना गावाला घेऊन जा."

गावाला नेली म्हणजे ती आंधळीच राहणार. मी तिच्या खाटेजवळ गेलो. म्हटलं, आये, काहीतरी खा.

"खातलंय," आई बोलली. "तुझी ती विजेची चूल आसा मा? तेच्यावरची पेज हाड. गरम. तीच खातलंय."

म्हणजे विजेवरची पेज आणून द्यायची, तीही उद्या रात्रीच्या आत.

सकाळी उठलो तर सगळा लालबाग गप्प. संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद होता. ट्रामच्या रुळांवर पोरं क्रिकेट खेळत होती. गिरणीचा भोंगा झाला नाही, त्यामुळे आमच्या गाळ्यातल्या तिघांना वेळच कळली नाही आणि ते झोपून राहिले.

सरूबाईच्या खानावळीत चूल पेटलेली होती. सरूबाई आमच्याच बाजूची, विधवा, तीस वर्षं गिरणीवाल्यांना जेवू घालते. तिला सगळं सांगितलं. तिनं फळीवरून उकडे तांदूळ काढले.

"बस. तासाभरात पेज देते. ने आईला."

"तुझी नको. विजेवरची पायजे."

"माझ्या पेजेवर काय सरूबाई म्हणून लिहिलेलं असतं?"

"आईला खोटं कसं सांगू?"

पाच वर्षं मी लिहून खोटं सांगत होतो, पण तोंडानं सांगायची सवय नव्हती, हे सरूबाईला कसं समजावणार? तिनं ओंजळभर तांदूळ आणि मिठाचे खडे फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. "जा. तुझ्या बापालापण डोकं होतं. तुझ्यापर्यंत आलं नाय."

मी गिरगावच्या रस्त्याला लागलो. रंगाला जायचो तेव्हा ट्रामनं जायचो आणि ट्राममध्ये झोपायचो. त्यामुळे भायखळ्याच्या पुढे मुंबई कशी लागलेली आहे हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. सरळ जायचं एवढं माहीत होतं, पण सरळ कुठल्या बाजूला, ते नाही. दुकानांच्या फळ्या बंद, गॅलऱ्यांवर काळी निशाणं, भिंतींवर खडूनं आणि गेरूनं 'मुंबई आमची' लिहिलेलं. मी वाचत वाचत गेलो. वाचायला वेळ लागतो मला. त्यात एक भिंत दुसऱ्यांदा वाचल्यासारखी वाटली. पुढे गेलो तर तीच भिंत तिसऱ्यांदा आली.

नाक्यावर बिल्ला लावलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, "काय हो, कुठे निघालात?"

"गिरगावला. कॉफीचं यंत्र आणायला."

"आज? बंदच्या दिवशी कॉफी?"

"कॉफी नाय हो, पेज."

त्यांनी माझ्या हातातलं फडकं हुंगलं. दारू नाही अशी खात्री झाल्यावर माझ्या खांद्याला धरून मला उलट दिशेला फिरवलं. "गिरगाव तिकडे. तुम्ही लालबागला चालला होता."

दुपारी बाराच्या सुमाराला वाडीत पोचलो. गिरगावातल्या ह्या वाडीत लाकडी जिन्यांची बुटकी घरं आहेत, दारात क्रूस आणि कुंडीत तुळसपण. मार्था मावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मला बघून बोलली, "नाताळ अजून लांब आहे रे. रंग उडाला काय माझ्या भिंतीचा?"

मी कारण सांगितलं. तिनं सुपातला हात काढला.

"परकोलेटरमध्ये पेज?" (ह्या यंत्राचं नाव परकोलेटर. ते मी त्या दिवशी दहा लोकांना दहा तऱ्हेनं सांगितलं.) "अरे, माझ्या पोरानं ते बोटीवरून आणलं, लंडनवरून. मी त्यात कॉफीपण दोनदाच केली. मला चहा लागतो."

"पण ह्यात शिजतं ना?"

"ह्यात कॉफीचं पाणी होतं. बस, मी पेज शिजवून देते. शेगडी पेटलेलीच आहे."

मी सकाळपासून दुसऱ्यांदा शिजलेली पेज नाकारली. विजेवरची इथेच केली तर परळला जाईपर्यंत निवली असती, म्हणून यंत्रच मागितलं. मावशीनं वरून यंत्र काढलं, त्याच्यावरचं विणलेलं टोपडं काढलं आणि मला ते शिकवलं. खाली पाणी भरायचं. मधे एक नळी उभी. नळीच्या डोक्यावर भोकाभोकांची वाटी, त्यात कॉफीची पूड. झाकणावर काचेची टिकली. वीज लावली की खालचं पाणी नळीतून वर चढतं, पुडीवर पडतं, गळून परत खाली येतं, आणि परत वर चढतं.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे?"

"एकदा खाली आलेलं पाणी परत वर कशाला जातं?"

मावशीनं विचार केला. "ते मी त्याला विचारलं नाही," बोलली.

मला ते काही पटलं नाही. आमच्याकडे पाणी एकदा भांड्यात गेलं की तिथेच गप्प बसतं. पण मान हलवली. तिनं मला सुकटीच्या चटणीबरोबर दोन भाकऱ्या खायला घातल्या, यंत्र जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि बजावलं, "बाबा, पडू देऊ नको. माझा पोर परत येईल तेव्हा विचारेल." पोर किती वर्षांनी येतो ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. टॉवेल मात्र छातीशी धरला.

परत लालबागला यायला तीन वाजले. गाळ्यातल्या सगळ्यांनी यंत्राभोवती कोंडाळं केलं. मी वायर हातात घेतली आणि भिंतीकडे वळलो. एका भिंतीवर देवाची तसबीर. दुसरीवर आरसा. तिसरीवर पंधरा खुंट्या. चौथीत दार.

"काय शोधतोस?" कुणीतरी विचारलं.

"प्लग." (प्लग म्हणजे भिंतीतली विजेची भोकं.)

सगळ्यांनी वर बघितलं. छताला एक बल्ब लोंबत होता. सात वर्षं मी त्या बल्बाखाली झोपलो आणि आईला लिहिलं की बटण दाबलं की पेज, पण आमच्या भिंतीला विजेचं भोक नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बल्ब काढून तिथे वायर खुपसावी असा एकानं सल्ला दिला. दुसऱ्यानं त्याला सांगितलं की हा मेल्यावर ह्याच्या आईला पत्र तू लिही.

मग आठवलं, आमच्या खात्याचे हेडक्लार्क दादरला राहतात. त्यांच्याकडे रेडिओ आहे. रेडिओ आहे म्हणजे भोकं असणार. मी परत टॉवेल काखेत मारला आणि चालायला लागलो. भोईवाड्यावरून गेलो. अंगाखाली आता पाय होते की दुसरं काही, ते कळत नव्हतं.

हेडक्लार्कसाहेब जुन्या मुंबईकर घराण्यातले, बोलणं मऊ. बंदच्या दिवशी गिरणीतला माणूस दारात बघून घाबरले. त्यांना वाटलं संपाची चिठ्ठी आणली. मी टॉवेल सोडला तेव्हा जास्तच घाबरले. मग त्यांच्या बाईसाहेब पुढे आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि बोलल्या, "अहो, एवढंच ना? बसा तुम्ही. स्टोव्ह आहे, मी पेज लावते."

ही तिसरी. मी म्हटलं, बाईसाहेब, विजेवरचीच लागते.

"विजेवरची पेज वेगळी लागते का?"

"ठाऊक नाय. अजून खाल्ली नाय."

साहेबांनी स्वतः रेडिओची पिन काढली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून भिंतीत बघत राहिलो. भिंतीला भोकं दोन. माझ्या वायरीच्या टोकाला खिळे तीन. मी दोन खिळे आत घालून तिसरा बाहेर ठेवायचा प्रयत्न केला. साहेबांनी माझा हात धरला.

"तीन भोकांचा प्लग पाहिजे," ते बोलले. "मोठ्या कामाच्या विजेचा. आमची वीज लहान."

आता विजेतपण लहान-मोठी असते, ही मला बातमी होती. ती लहान वीज परत रेडिओला लागली, आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि यंत्र. एव्हाना मी त्याला माणूसच धरून चाललो होतो.

ऊन उतरलं होतं. परळच्या मैदानाशी आलो तर सभा भरलेली. दवाखाना मैदानाच्या समोरच. भेटायची वेळ संपायला दीड तास उरला होता आणि माझ्याजवळ पेजेतलं फक्त तांदूळ आणि मीठ होतं. आता आईला जाऊन काय सांगणार? लाज वाटून मैदानातच थांबलो. स्टेजच्या मागे कर्ण्यांच्या वायरी होत्या, आणि एका फळीवर तीन भोकांचा प्लग. मोकळा.

लाउडस्पीकरवाला बाजूला विडी ओढत बसला होता. मी टॉवेल उघडला आणि विचारलं, "हे इथे लावू काय?"

त्यानं भांडं बघितलं. "पुढाऱ्यांना कॉफी काय? लाव, लाव. पाणी नळावरनं घे."

मी पाणी भरलं, वरच्या वाटीत तांदूळ भरले, झाकण लावलं आणि पिन खुपसली. स्टेजवरचे पुढारी हात वर करून सांगत होते की हा आवाज कुणी दाबू शकणार नाही. तेवढ्यात त्यांचा आवाज गेला.

कर्णे मुके झाले. पुढाऱ्यांचे ओठ हलत होते. आधी पुढची माणसं गप्प झाली, मग मागची ओरडायला लागली. कुणीतरी बोललं, सरकारनं वायर कापली. कुणीतरी बोललं, तो बघा, वायरीजवळ टॉवेलवाला. पुढच्या क्षणी माझी कॉलर दोघांच्या हातात होती आणि चौघं यंत्रापासून लांब सरकत होते.

"काय आहे त्यात?"

"परकोरेटर," मी बोललो.

त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. "उघड," एकजण बोलला. "तू उघड, आम्ही मागं होतो." मी झाकण काढलं. सगळे वाकले.

"तांदूळ हायत," एकजण बोलला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती.

तेवढ्यात गर्दीतून आमच्याच गिरणीतला एक साचेवाला, मागावर काम करणारा, पुढे आला. "सोडा रे त्याला. हा बाबल्या. सरूबाईच्या खानावळीत माझ्या बाजूला जेवतो. ह्याच्याकडून काय फुटणार नाय. ताटलीपण नाय."

कॉलर सुटली. लाउडस्पीकरवाला शिव्या देत फ्यूज बांधायला गेला. मी तिथेच उकिडवा बसून सगळ्यांना सगळं सांगितलं. आईचे डोळे, पत्रं, गिरगाव, दोन भोकं, तीन भोकं. ऐकता ऐकता माणसं वाढत गेली. पुढारीसुद्धा स्टेजच्या कडेला येऊन ऐकायला लागले, त्यांना दुसरं काम नव्हतं.

"आई कुठल्या दवाखान्यात?" साचेवाल्यानं विचारलं.

मी बोट दाखवलं. समोर रस्त्यापलीकडे दवाखाना. सगळ्या खिडक्यांत दिवे लागले होते. तळमजल्यावर पंखे फिरताना दिसत होते.

साचेवाल्यानं एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बाबल्या, तिथे वीज नाय काय रे?"

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. मी उठलो, टॉवेल गुंडाळला. माणसांनी वाट करून दिली. मागे कर्णे परत बोलायला लागले, पण पहिलं काय ऐकू आलं तर हसणं.

आईच्या वॉर्डात बारा खाटा. सगळ्या डोळ्यांच्या पेशंटांच्या. कुणाच्या एका डोळ्याला पट्टी, कुणाच्या दोन्ही. सिस्टरनं मला दारातच अडवलं. टॉवेलात काय म्हणून विचारलं. मी दाखवलं.

"ओ, परकोलेटर," ती बोलली. मावशीनंतर नाव ओळखणारी ही पहिलीच. "कॉफी चालणार नाही पेशंटला."

"पेज आहे, सिस्टर. म्हणजे होईल. तीन भोकांचा प्लग कुठे मिळेल?"

तिनं बोट केलं. आईच्या खाटेच्या उशाशी, भिंतीत, तीन भोकांचा प्लग. दोन दिवस मी त्याच्यावरच्या खुंटीला माझी टोपी टांगत होतो.

मी यंत्र स्टुलावर ठेवलं. आई उठून बसली. "इलंस?"

"इलंय. चूल घेऊन इलंय."

तिनं हात पुढे केला. बोटांनी चाचपलं, झाकण, कान, वायर, काचेची टिकली. "बारीक आसा," एवढंच बोलली.

मी बटण लावलं. आधी काही नाही. मग आत कुठेतरी गुरगुर झाली. मग गुडगुड. मग टिकलीखाली पाणी उडायला लागलं, डबुक, डबुक. सगळा वॉर्ड गप्प झाला. बारा खाटांवरच्या पट्ट्या बांधलेल्या माना आवाजाच्या दिशेनं वळल्या. कोपऱ्यातल्या आजींनी विचारलं, "काय होतंय ते?"

"पेज," मी बोललो.

"विजेवर?" पलीकडची बाई बोलली. "आता बघा काय काय निघालंय. आणि आपण मेले आंधळे."

सिस्टर वाकून बघत होती. "तांदूळ वर का घातले? खाली घाला ना पाण्यात."

"वरच घालतात," मी सांगितलं. "पाणी त्याच्यावर जातं, मग खाली येतं, मग परत जातं."

"पण का?"

"ते ह्याच्या मालकालापण ठाऊक नाय."

पाऊण तास गुडगुड चालली. तुम्हाला माहीत आहे, उकडा तांदूळ चुलीवर रटरटला तरी वेळ घेतो. इथे तर त्याच्यावर नुसतं पाणी शिंपडत होतं. भेटायची वेळ संपली, सिस्टरनं घड्याळाकडे पाठ केली. शेवटी तांदूळ फुगून झाकण वर उचललं गेलं आणि टिकली कुरकुरायला लागली. मी बटण बंद केलं. वरच्या वाटीत तांदूळ, बाहेरून मऊ, आतून दगड. खाली पाणी, तपकिरी. तळाशी कधीची तरी कॉफी चिकटलेली होती ती सगळी सुटून आली होती. मी दोन्ही एका वाडग्यात ओतून मीठ टाकलं आणि आईच्या हातात दिलं.

तिनं पहिला घोट घेतला. थांबली. चावली. कडकड आवाज झाला. कोपऱ्यातल्या आजींनी विचारलं, "कशी झाली?"

"पाच वर्सां," आई हळू बोलली, "तू ह्याच खातंस?"

आता काय बोलणार? म्हटलं, "होय."

तिनं दुसरा घोट घेतला. मग तिसरा. एकेक शीत चावत, मधे मधे थांबत, अख्खा वाडगा संपवला. सिस्टरनं जाऊन कागदावर लिहिलं की पेशंट जेवली. आईनं वाडगा खाली ठेवला आणि माझा हात शोधला. मनगट धरलं. हाड कुठे, मांस कुठे, असं दाबून दाबून बघत राहिली. मग भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, पेज बाधली. सिस्टर मला बाहेर घेऊन गेली आणि बोलली, पेज नाही, त्या रडतायत.

रडणं कशाचं ते मला त्या वेळी कळलं नाही. खरं म्हणजे दिवसभरात मला काहीच नीट कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं निरोप धाडला, तुझ्या वाटेवर खंयची खानावळ असात तर थंयची पेज हाड, तुझी नको. मी गाळ्यात हा निरोप दोनदा ऐकला. मग सरूबाईला जाऊन सांगितलं. तिनं पितळेच्या डब्यात पेज घेतली, वर लोणच्याची फोड ठेवली, आणि पदर खोचून स्वतः निघाली. मी मागून. दवाखान्यात आई वाडगाभर जेवली.

"तुझो हात खंयचो गो बाय?" तिनं विचारलं.

सरूबाईनं आपल्या गावाचं नाव सांगितलं. वर बोलली, "वैनी, तुमचे मालक माझ्याकडेच जेवायचे. दुखणं पोटातच होतं त्यांच्या, आधीपासून. शेवटचे पंधरा दिवस पेजेशिवाय काय जात नव्हतं. मी भरवत होते."

मला हे ठाऊक नव्हतं. सात वर्षं त्या बाईच्या पाटावर बसलो, तिनं एकदा सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

आईनं वाडगा पुढे केला. "वायच आणि वाढ."

ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटेपर्यंत सरूबाई रोज डबा घेऊन येत राहिली. मधल्या एका दिवशी ट्रामनं जाऊन मी यंत्र गिरगावात परत केलं. ट्राममध्ये झोपलो नाही, भिंती बघत गेलो. त्या चुकलेल्या दिवसामुळे मला मुंबई थोडी ओळखीची झाली होती. मार्था मावशीनं यंत्र उघडून हुंगलं आणि विणलेलं टोपडं परत चढवलं. बोलली, पोर आला की त्याला पेज पाजीन.

परत येताना एवढंच वाटत होतं की एका दिवसात मला तीन बायकांनी पेज देऊ केली आणि मी तीन वेळा नको म्हटलं, आणि आईला खायला घातली ती चौथी. मुंबईत एवढी माणसं आपल्याला जेवायला घालायला तयार असतात, आणि आपण गावाला लिहितो की आम्ही एकटेच रांधून खातो. असं का, ते मला काही सांगता येत नाही.

पट्टी सुटली त्या दिवशी मी आणि सरूबाई दोघं हजर होतो. आईनं डोळे किलकिले केले. आधी खिडकी बघितली, मग भिंतीतली तीन भोकं, मग मला बघितलं, खालपासून वरपर्यंत. माझं पोट त्या सात वर्षांत बऱ्यापैकी सुटलेलं आहे. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग सरूबाईकडे वळली.

"बाय, ह्योपण तुझ्याकडेच जेवता काय गो?"

सरूबाईनं माझ्याकडे बघितलं. मी टोपीकडे बघितलं.

"छे," सरूबाई बोलली. "हा विजेवर जेवतो."

"असां," आई बोलली. "मग आजपासून ह्याका तुझ्याकडे जेवाक घाल. आणि जेवलो की भांडी घासूक लाव. त्येका वीज लागणा नाय."